विकाऊ विमान



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून काही मंडळी हसली, हे आम्ही येताना ऐकले. कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस, किमान वेतन यांवर बोलावे. लढाऊ विमानांच्या खरेदीविक्रीशी त्याचा काय संबंध? आणि नागावात, जिथे सुपारीचा भाव पडला की वाडीवाल्याची झोप उडते, तिथे विमान विकत घेणारा आहे तरी कोण? दोन्ही शंका रास्त आहेत. दुसरीचे उत्तर सोपे आहे: इथे कोणी नाही. पहिलीचे उत्तर म्हणजेच आजचे व्याख्यान.

आरंभ समुद्रकिनाऱ्यापासूनच करू, कारण वाळू म्हणजे काय हे तुम्हांला सांगावे लागत नाही. फ्रान्समध्ये कॅले नावाचे बंदर आहे. १९४० च्या मे महिन्यात, जर्मन फौजा तिथे पोहोचत असताना, पीटर कॅझेनोव्ह नावाच्या इंग्रज वैमानिकाला आपले स्पिटफायर विमान त्या किनाऱ्यावर उतरवावे लागले. वैमानिक वाचला. विमान वाळूत बसले, आणि भरती-ओहोटीने हळूहळू ते गिळले. चाळीस वर्षे ते तिथेच होते. १९८० साली वाळू सरकली आणि ते पुन्हा दिसू लागले. तेव्हा ते विमान राहिले नव्हते. गंजलेला, वाकलेला, शिंपल्यांनी भरलेला सांगाडा होता. पुढे तो हात बदलत गेला, इंग्लंडमधील डक्सफर्ड येथील कारागिरांकडे आला, आणि २०११ मध्ये ते विमान, पी ९३७४ हाच जुना क्रमांक घेऊन, आकाशात उडाले. २०१५ च्या जुलैत लंडनला क्रिस्टीज या पेढीने त्याचा लिलाव केला. एकतीस लाख पौंडांवर बोली गेली. त्या वेळच्या दराने आपले सुमारे तीस कोटी रुपये. विकणाऱ्याने ते पैसे खिशात घातले नाहीत, वायुदलातील लोकांच्या साहाय्यनिधीला आणि वन्य प्राण्यांच्या रक्षणाला दिले, हेही सांगितले पाहिजे.

आता आमच्यासारख्या हिशेबी माणसाला प्रश्न पडतो तो असा: हे तीस कोटी कशाचे? वाळूतून निघालेल्या सांगाड्याला भंगारवाल्याने किती दिले असते? हजारांत मोजण्याइतके. मग वरचा आकडा कुठून आला?

अशा विमानाचा सौदा कसा होतो ते थोडे पाहू. घर घेताना आपण सातबारा बघतो, फेरफार बघतो. विमान घेणारा तेच करतो. पहिली गोष्ट म्हणजे पाटी. प्रत्येक विमानाच्या सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेली धातूची छोटी पाटी असते, तिच्यावर क्रमांक असतो. ती पाटी आणि तो क्रमांक अस्सल, तर विमान अस्सल. त्यानंतर नोंदवह्या. विमानाची एक, इंजिनाची वेगळी, पंख्याची वेगळी. कोणत्या दिवशी किती मिनिटे उडाले, कोणता भाग कधी बदलला, कोणी बदलला, कोणी तपासून सही केली. घेणाऱ्याचा तज्ज्ञ येतो तो आधी या वह्या वाचतो आणि मग विमानाला हात लावतो. पंखांतला मुख्य दांडा बघतो. स्पिटफायरचा हा दांडा मोठा गमतीचा असे. चौकोनी नळ्या एकीत एक बसवलेल्या, खांद्याजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेल्या. तो गंजला असेल तर बाकीचे सारे व्यर्थ. मग इंजिन किती तास चालले, पुढच्या दुरुस्तीला किती तास उरले, उड्डाणाचा परवाना चालू आहे की नाही, हे सारे पाहून इसार दिला जातो, उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने येते, आणि विमान परदेशी जाणार असेल तर पंख उतरवून पेटीत घालून बोटीने जाते. दलाल दोन्हीकडून आपला वाटा घेतो. ते मात्र इथल्या जमिनीच्या व्यवहारासारखेच आहे, सांगायला नको.

गंमत अशी की या साऱ्या तपासणीत जुना धातू फारसा कोणी मागत नाही. वाळूतून निघालेल्या विमानाचे पत्रे, रिबिटा, नळ्या बहुतेक बदलाव्याच लागतात. चाळीस वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेला ॲल्युमिनियम भुगा होतो. म्हणजे तीस कोटींचे जे विमान उडते त्यातला पुष्कळसा भाग आजकाल घडवलेला असतो. मग पैसे कशाचे? दोन गोष्टींचे. एक, त्या क्रमांकाला चिकटलेला इतिहास. दुसरी, ज्यांनी तो पत्रा जुन्या नकाशाप्रमाणे पुन्हा ठोकून घडवला त्यांचे तास. पहिल्याबद्दल पुस्तके लिहिली जातात. दुसऱ्याबद्दल बोलणारे थोडे, म्हणून आम्ही आज ते बोलणार आहोत.

युद्धकाळात एक स्पिटफायर बांधायला सुमारे तेरा हजार मनुष्यतास लागत, असा हिशेब दिला जातो. जर्मनांच्या मेसरश्मिटला त्याच्या निम्म्याहूनही कमी. कारण तो सुंदर लंबवर्तुळाकार पंख. दिसायला देखणा, हवेत उत्तम, पण त्याच्यावरचे बरेच पत्रे दोन्ही दिशांनी वाकवायचे. ते काम हजारो स्त्रियांनी केले, ज्यांनी त्यापूर्वी कारखान्याचे दार पाहिले नव्हते. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनांचा एक मोठा कारखाना स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ हिलिंग्टन येथे होता. तिथे १९४३ च्या ऑक्टोबरअखेर, महायुद्ध ऐन भरात असताना, हजारो कामगारांनी संप केला. मागणी होती, बाई ज्या यंत्रावर काम करते त्या यंत्राचा दर तिला मिळावा. ती बाई आहे म्हणून कमी नको. देश धोक्यात असताना संप करता म्हणून त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली. पण शेवटी करार झाला तो यंत्राप्रमाणे दर ठरवण्याचा, यंत्रापुढे उभ्या माणसाच्या लिंगाप्रमाणे नव्हे. आज स्पिटफायरचे चित्र भिंतीवर लावणाऱ्यांपैकी किती जणांना हिलिंग्टन ठाऊक असेल?

आपला या विमानांशी संबंध काय, असे वाटत असेल तर तोही सांगतो. इंग्लंडात त्या काळी एक टूम निघाली होती. पाच हजार पौंड द्या, एका स्पिटफायरवर तुमचे नाव घालू. एका रुपयाला अठरा पेन्स या तेव्हाच्या दराने पाच हजार पौंड म्हणजे सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट रुपये. हिंदुस्थानातील संस्थानिक, शेटजी, इलाखे यांच्याकडून अशा देणग्या गेल्या, आणि १९४१ साली इंग्लंडच्या वायुदलात जे १३२ क्रमांकाचे स्क्वाड्रन स्पिटफायर घेऊन उभे राहिले त्याला 'सिटी ऑफ बॉम्बे' असे मुंबईचे नाव दिले गेले. ते नॉर्मंडीवर लढले, नंतर सिलोनला आले, युद्ध संपता संपता हाँगकाँगला गेले. ज्या मुंबईचे नाव त्या विमानांवर होते त्याच मुंबईत १९४० च्या मार्चात, महागाई भत्त्यासाठी, दीड लाखांहून अधिक गिरणी कामगार चाळीस दिवस बाहेर होते. त्यांत कुलाबा जिल्ह्याची, म्हणजे आजच्या रायगडची, माणसे थोडी नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या आहेत. विमानावर जे नाव रंगवले गेले त्यात हे कामगार धरायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा.

युद्ध संपले. आमच्या वायुदलाकडे स्पिटफायर आली होती ती १९४४ पासून. ती १९४७ च्या अखेरीस काश्मीरच्या लढाईत कामी आली. पुढे जेट विमाने आली आणि पंख्याची विमाने बाजूला पडली. काही मोडीत गेली, काही विमानतळाच्या कडेला गवतात उभी राहिली, काही तंत्रशिक्षणाच्या वर्गात मुलांना खिळे-रिबिटा शिकवायला ठेवली गेली. असेच एक स्पिटफायर, एमव्ही २९३ क्रमांकाचे, बंगळूरजवळ जलहळ्ळीच्या तांत्रिक विद्यालयात होते. १९७० नंतरच्या दशकात इंग्लंड-कॅनडाकडचे शौकीन हिंदुस्थानात ही विमाने धुंडाळू लागले. त्यांत हेडन-बेली नावाचे दोन भाऊ होते. त्यांतला ऑर्मंड, स्वतः वैमानिक, १९७७ मध्ये जर्मनीत जुने मस्टँग विमान उडवताना कोसळून मेला. पण त्याने लावलेला व्यवहार भावाने पुरा केला, आणि हिंदुस्थानातली कित्येक स्पिटफायर पेट्यांत बंद होऊन इंग्लंडला गेली. जलहळ्ळीचे एमव्ही २९३ त्यांतच होते. १९९२ साली ते पुन्हा उडाले, आणि डक्सफर्डच्या संग्रहातले ते एक नावाजलेले विमान झाले.

ही विमाने कोणी चोरून नेली नाहीत. सरकारने विकली, त्यांनी घेतली, पैसे मोजले. कायद्याचीही काही आडकाठी नव्हती. आपल्याकडे पुराण वस्तूंच्या निर्यातीला बंदी करणारा १९७२ चा कायदा आहे. त्यात पुराण वस्तू कोणती? जी निदान शंभर वर्षे जुनी आहे ती. हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. १९४५ सालचे विमान या कायद्याने २०४५ साली पुराण होईल. तोपर्यंत ते जुने यंत्र, आणि चालत नसेल तर भंगार. येथून हाकेच्या अंतरावर अक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, मराठी शिलालेख आहे. त्याचे वय हजारावर गेले, तरी तो किती वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात पडून होता हे तुम्ही आमच्यापेक्षा अधिक जाणता. म्हणजे नुसत्या कायद्यानेही भागत नाही. पण दगड निदान कोणी पेटीत घालून नेला नाही.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी मुद्दाम हा विषय घेतला तिच्याकडे येतो. ती लढाऊ विमानाची नाही, बाँबफेक्या विमानाची आहे, पण तीच या साऱ्याची खरी किल्ली आहे.

अमेरिकेने युद्धात आपल्या मित्रांना उसनवारीच्या कराराने सामान दिले होते. त्यातली एक अट अशी, की युद्ध संपल्यावर वस्तू परत करावी, विकत घ्यावी, नाहीतर नष्ट करावी. इंग्रज वायुदलाकडची लिबरेटर नावाची चार इंजिनांची अजस्र विमाने कानपूरजवळ चकेरीच्या तळावर जमा केली होती. ती परत न्यायची तर खर्च, विकत घ्यायची तर खर्च. तेव्हा ती निकामी करण्याचे ठरले. कुदळींनी अंगे फोडली, उपकरणे ठेचली, ट्रक घालून काहींचे पाय मोडले, इंजिनांत वाळू ओतली. मग ते लोक निघून गेले. स्वतंत्र हिंदुस्थानाकडे लांब पल्ल्याचे एकही बाँबफेकी विमान नव्हते, आणि परकीय चलनही नव्हते. १९४८ साली सरकारने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याला विचारले, यातून काही होईल का?

हा कारखाना आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये काढलेला. दोन वर्षांत तो सरकारच्या ताब्यात गेला. भांडवलदाराची स्तुती आमच्या तोंडी शोभत नाही असे कोणी म्हणेल. परंतु ज्या काळी हिंदुस्थानात मोटारसुद्धा बनत नव्हती त्या काळी विमानाचा कारखाना काढू म्हणणाऱ्या माणसाला आम्ही त्याचे श्रेय नाकारणार नाही.

बंगळूरचे कामगार कानपूरला गेले. एका विमानाचे अंग, दुसऱ्याचे शेपूट, तिसऱ्याचे इंजिन, असे जुळवत त्यांनी त्या मढ्यांना निदान बंगळूरपर्यंत उडण्याइतके उभे केले. आणि तिथून ती एकेक करून उडवीत नेली ती कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. तुम्ही कल्पना करा. ज्या इंजिनात वाळू ओतली होती ते इंजिन, ज्याचे अंग कुदळीने फोडले होते ते विमान, आणि खाली पंधराशे किलोमीटर मुलूख. त्या माणसाने दुसऱ्या कोणाच्या हातच्या कामावर किती विश्वास टाकला असेल! बंगळूरला ती पुन्हा पुरी सोडवली, जोडली. अशी बेचाळीस लिबरेटर तयार झाली. १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले. पुढे दुसरे पुण्याला, लोहगावला. तिथून ती समुद्रावर टेहळणी करीत. १९६८ पर्यंत ती चालली. जगात तोवर कोणाच्याही वायुदलात लिबरेटर उरले नव्हते. ज्यांनी ती बनवली त्या अमेरिकनांनी अठरा हजारांहून अधिक बनवून जवळजवळ सगळी वितळवून टाकली होती.

आणि मग जगाला त्यांची आठवण झाली. कॅनडाने एक नेले आणि त्याच्या बदल्यात लायसँडर जातीचे एक जुने विमान दिले. ते आज दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या तुसॉन गावच्या संग्रहालयाला आपल्या सरकारने एक भेट दिले. १९६९ साली ते स्वतःच्या पंखांवर तिकडे गेले. इंग्लंडच्या वायुदलाच्या संग्रहालयाला १९७४ मध्ये एक दिले. ज्यांनी कुदळी चालवल्या त्यांच्याच घरी ते मानाने उभे आहे. हा इतिहासाचा विनोद आहे, आणि आम्हांला तो आवडतो. आणखी एक १९८१ साली डग अर्नोल्ड नावाच्या इंग्रज संग्राहकाने घेतले. त्याच्याकडून १९८४ मध्ये ते अमेरिकेच्या कॉलिंग्ज प्रतिष्ठानाने विकत घेतले, पुरे नवे केले, आणि १९८९ पासून ते अमेरिकेत गावोगाव उडत लोकांना दाखवले गेले.

या शेवटच्या विमानाविषयी एक आकडा प्रसिद्ध आहे. ते नवे करायला सुमारे सत्याण्णव हजार तास काम लागले. आम्ही आमच्या सवयीने त्याचा भागाकार केला. आठ तासांची पाळी, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे चोवीसशे तास. सत्याण्णव हजार भागिले चोवीसशे: चाळीस वर्षे. अठराव्या वर्षी कामाला लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, तेवढी सगळी नोकरी एका विमानात. हा आकडा त्या लोकांनी लिहून ठेवला, छापला, विमान पाहायला येणाऱ्यांना अभिमानाने सांगितला. चांगले केले. पण याच विमानात त्याच्याआधी कानपूरच्या उन्हात आणि बंगळूरच्या शेडमध्ये जे तास गेले त्यांचा असा आकडा आम्ही कुठे छापलेला पाहिला नाही. बेचाळीस विमाने, आणि मुन्शींचे नाव सोडले तर ज्यांनी हातोडी धरली त्यांची नावे पुस्तकांत येत नाहीत. ते तमीळ असतील, कानडी असतील, काही मराठीही असतील. हजेरीपटावर त्यांची नावे होतीच, कारण पगार झाला आहे. हजेरीपट हा कागद आपण किती वर्षे ठेवतो? लेखापरीक्षण झाले की रद्दी.

सौद्यात नोंदवह्यांचे महत्त्व काय ते मघाशी सांगितले. ज्याच्या वह्या पुऱ्या त्याची किंमत अधिक. म्हणजे ज्या कागदाला आपण रद्दी म्हणून किलोने देतो तोच कागद तिकडे पाठोपाठ गेला असता, तर विमानाला वाढीव दाम आला असता. आम्ही भावनेची गोष्ट करीत नाही, व्यवहाराची करतो.

असले लिलाव आम्ही पाहिले आहेत. खोपोलीकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रे विकायला काढली त्या दिवशी, कामगारांची थकबाकी पहिली कापून घ्यावी म्हणून आम्ही तिथे होतो. लेथ यंत्रे वजनावर गेली. एक म्हातारा टर्नर, पंचवीस वर्षे त्याच यंत्रावर, लिलाव करणाऱ्याला म्हणाला, "साहेब, हिचा बेड अजून सरळ आहे, बघून तरी बोली लावा." साहेब म्हणाला, "बाबा, तो वितळवणार आहे, त्याला सरळ-वाकडे काय करायचे?" उत्तर खोटे नव्हते. वितळवायचेच असेल तर कारागिरीला भाव नाही. पण ते वितळवायचे की नाही हे ठरवताना त्या म्हाताऱ्याला कोणी विचारले नव्हते.

तुमच्या नागावात, चौलात, रेवदंड्यात, साऱ्या अष्टागरात हेच रोज घडते आहे. जुने घर पाडतात. सागवानी खांब, नक्षीची दारे, माजघरातला झोपाळा मुंबईचा माणूस घेऊन जातो. वाडीतल्या विहिरीवरचा रहाट मोडून पडला होता, तो आता एखाद्या हॉटेलच्या अंगणात वार्निश लावून उभा असतो. विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, कोणाला चुकले आहे? पण रहाट विकताना तो कोणत्या सुताराने घडवला, चाकाला कोणते लाकूड, गाडगी कुठल्या कुंभाराची, हे चार ओळींत लिहून दिले असते तर तो शोभेचा तुकडा न राहता रहाट राहिला असता. आणि भावही अधिक आला असता, हे पुन्हा सांगतो.

इथे आमच्याच पंथातले काही मित्र म्हणतात, विकलेच कशाला? राष्ट्राचा ठेवा राष्ट्रातच ठेवायचा. आम्हांला हे पुरते पटत नाही. ठेवणे म्हणजे नुसते न विकणे नव्हे. मुंबईच्या विक्रांत युद्धनौकेचे उदाहरण घ्या. तीही महायुद्धातच बांधायला घेतलेली, हर्क्युलिस नावाने. १९४५ साली पाण्यात उतरली, अर्धवट राहिली, १९५७ साली आपण घेतली, बेलफास्टला पुरी करवली आणि १९६१ च्या मार्चात ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून सी हॉक विमाने उडाली. १९९७ मध्ये निवृत्त झाली. पुढे काही वर्षे, २००१ ते २०१२, ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळाली. इथले अनेक जण मुलांना घेऊन गेले असतील. पण कायमची व्यवस्था कोणी केली नाही. दरवर्षी डागडुजी, दरवर्षी खर्च, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. खारे पाणी कोणाची वाट बघत नाही. २०१४ साली साठ कोटी रुपयांना ती भंगारात गेली. ती वाचवावी म्हणून उच्च न्यायालयात, सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले. निकाल विरुद्ध गेले. दारूखान्यात गॅसच्या कटरने तिचे तुकडे झाले. त्यातला काही धातू एका मोटारसायकल कारखान्याने घेऊन २०१६ मध्ये गाड्यांच्या टाक्यांत घातला, आणि त्या गाड्या हातोहात खपल्या. म्हणजे तिच्या नावाला मोल होते, आणि ते जाणणाराही होता. फक्त ती उभी असताना तो पुढे आला नाही.

तिकडे वाळूत चाळीस वर्षे पडलेल्या एका विमानाला तीस कोटी, इकडे वीस हजार टनांच्या अख्ख्या विमानवाहू नौकेला साठ. दारूखान्यात तिला कापणाऱ्या माणसांच्या हातात मोजे होते की नाही, नाकावर काही होते की नाही, हा प्रश्न त्या अर्जांत कुठे नव्हता. तो विचारायला आमच्यासारखे लोक असतात.

अगदीच निराशेचे चित्र नाही. श्रीनगरला १९४७ च्या २७ ऑक्टोबरला फौज घेऊन जी डाकोटा विमाने उतरली त्या जातीचे एक विमान राजीव चंद्रशेखर यांनी, ज्यांचे वडील वायुदलात डाकोटा उडवीत, भंगारातून घेतले, इंग्लंडला नवे करवले आणि वायुदलाला दिले. २०१८ च्या एप्रिल महिन्यात ते उडत हिंदुस्थानात आले. त्याचे नाव ठेवले आहे परशुराम. ज्याने समुद्र मागे हटवून आपली ही भूमी काढली असे आपण सांगतो त्याचेच नाव. कोकणच्या माणसाला त्याचा आनंद वाटलाच पाहिजे. तथापि आमच्या मनात एक खुपते. ते नवे करायला इंग्लंडला का पाठवावे लागले? ज्या देशाने कुदळीने फोडलेली बेचाळीस लिबरेटर उभी केली त्या देशाला एका डाकोटासाठी परदेशी कारागीर शोधावा लागला. हात गेले म्हणून. हात जातात ते माणसे मरतात म्हणून नव्हे. त्यांच्याजवळ शिकाऊ मुलगा बसवला नाही म्हणून जातात.

आता उद्याची गोष्ट. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना आहे. तिथे मराठी मुलांनी, आयटीआयमधून निघालेल्या फिटर-टर्नरांनी, दोन पिढ्या मिग-२१ बांधले, दुरुस्त केले. २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला शेवटच्या मिग-२१ ला निरोप दिला गेला. त्यांतली काही चौकांत उभी राहतील, काही शाळांच्या अंगणात, काही मोडीत जातील. आणि आमची खात्री आहे की एखादे केव्हातरी कोणीतरी परदेशी शौकीन मोठी रक्कम देऊन मागेल. मागो. विकावे की नाही हे सरकार ठरवील. आमचे म्हणणे एवढेच, की त्या सौद्यात चार अटी असाव्यात. विमानाबरोबर त्याच्या नोंदवह्यांची प्रत जावी आणि मूळ इथे राहावी. ज्यांनी ते बांधले-दुरुस्त केले त्यांची नावे, हजेरीपट रद्दीत जाण्याआधी, उतरवून घ्यावीत. एक तरी विमान नुसते रंगवून चौथऱ्यावर न ठेवता उघडता-जोडता येईल असे आयटीआयच्या मुलांपुढे ठेवावे. आणि विकून आलेल्या पैशातला काही भाग, मोठा नको, त्याच कारखान्याच्या शिकाऊ मुलांवर खर्च व्हावा. ओझरच्या जुन्या कामगारांपैकी पुष्कळ जण अजून हयात आहेत. कानपूरला गेलेल्यांपैकी आता विचारायला कोणी उरले असेल असे वाटत नाही.

सुदैवाने नागावाची माणसे सगळीकडे गेलेली आहेत. या मंडपातच अशी घरे असतील की ज्यांचे आजोबा मुंबईच्या गोदीत होते, माझगावला रिबिटा ठोकीत, कुर्ल्याला मोटारीच्या कारखान्यात, सांताक्रूझच्या विमानतळावर, किंवा ओझरला. अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. नाव, गाव, कारखाना, कोणत्या साली कोणते काम, एवढेच लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, वाचनालयाची मुले लिहून घेतील. ट्रंकेत जुने ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, कामावरचा फोटो असेल तर तो इथे देऊ नका, घरीच ठेवा. फक्त आहे एवढे नोंदवा. वही उद्याच्या व्याख्यानाच्या वेळीही इथेच असेल.